फॉर्म ऑनलाइन, पण फाइल मीटिंगलाच

मा. संपादक,

सरकारच्या गोवा ऑनलाइन या पोर्टलवर पंचायतीची कामं घरबसल्या होतात असं ऐकलं म्हणून मी मार्चमध्ये ट्रेड लायसन्सचा अर्ज टाकला. धंदा काय, तर मागच्या पडवीत सोलं आणि कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, करायचं, बाटल्या भरायच्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात द्यायच्या.

उद्यमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या छोट्या धंद्यांच्या नोंदणीचं, सर्टिफिकेट मोबाइलवर पाव तासात आलं, आधार, पॅन, ओटीपी, फी शून्य. २०२० पासून ही सोय आहे आणि ती खरंच चालते, उगाच कशाला नावं ठेवा. म्हटलं पंचायतीचं पण असंच होणार.

पण आमची घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. ते जाऊन वीस वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया, कोणी केलीच नाही, आमच्या वाड्यावर बहुतेक घरांत हीच कथा आणि वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, पण जुनीच नावं. म्हणजे तो उतारा आता ऑनलाइन मिळतो हो, पण नावं मेलेल्या माणसांची! मग पंचायतीत म्हणाले, सगळ्या वारसांची एनओसी आणा. एक काका मुंबईला, आतेभाऊ लंडनला. त्याने व्हॉट्सअॅपवर सही पाठवली तर चालत नाही म्हणाले, ओरिजिनल पाहिजे.

ते जमवलं तर पीडीएफ मोठी म्हणून अपलोड होईना, सायबरवाल्याने छोटी करून दिली, आणि शेवटी सेक्रेटरी म्हणतात, बाई, सगळ्याची प्रिंट काढून तीन सेट द्या. मग ऑनलाइन कशाला केलं मी? पुढे स्टेटस रोज तेच, ‘अंडर प्रोसेस’. खरं कारण हे की मंजुरी पंधरवड्याच्या मीटिंगमध्येच मिळते, आणि एकदा कोरम नव्हता, एकदा सेक्रेटरी दुसऱ्या पंचायतीत.

लायसन्स हातात आलं जूनच्या शेवटी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मे महिन्याचे, पाऊस लागला की झाडाखाली नुसता चिखल आणि सालींचा सडा. वर्ष गेलं.

गोव्यात १९१ पंचायती आहेत, सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. पण अर्ज कुठल्या तारखेच्या मीटिंगला लागलाय आणि नाही लागला तर का, एवढं तरी त्या स्टेटसमध्ये लिहा. आणि घरात राहून घरपट्टी भरणाऱ्या वारसाच्या हमीपत्रावर छोट्या घरगुती धंद्याला तात्पुरतं लायसन्स द्या, इन्व्हेंटरी होईपर्यंत. पुढच्या मार्चच्या आत झालं तर बरं.

– एक वाचक, बार्देश