नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

वर्षानुवर्षं आच्छादनाखाली उभी असलेली माझी जुनी गाडी, प्रीमियर पद्मिनी, पुन्हा धावतेय, ती तुम्हा मंडळींमुळे.

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढायला लावणाऱ्या काकांचे आभार. नाहीतर साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) तोच गाळ पुन्हा उतरला असता. 'चोक ओढला की चालते, सोडला की बंद' एवढं ऐकूनच 'आयडल जेट चोंदलाय' म्हणणारे मिस्त्री, तुम्हाला सलाम. (चोक म्हणजे हवा कमी करून मिश्रण दाट करणारी कळ; आयडल जेट म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा.) पेट्रोल उडून गेलं की चिकट राळ उरते आणि सगळ्यांत बारीक भोक आधी बुजतं. जेटमध्ये तार घालू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरं केलंत: पितळ मऊ, भोक मोठं झालं की मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण, कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवून उलट बाजूने हवा मारली, जेट मोकळा झाला.

फ्लोट (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ तरंगता भाग) कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळतंय का, म्हणजे तो गळका आहे का, ते ऐकायला सांगणाऱ्या ताई, आभार. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) उजेडात धरून, चिरा नाहीत हे पाहूनच देणारे दुकानदारही लक्षात आहेत.

मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. बाकी जुळवणी इंजिन गरम झाल्यावर, आवाज ऐकत कानाने. आणि हो, पेट्रोलच्या रबरी नळ्या त्यात मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या.