बाबा, हा सिनेमा तुम्हाला ऐकू येईल

जळगाव,
१२ मार्च २०२४

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

पत्र बघून आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधी तेच सांगतो: इथं सगळं बरं आहे. चिऊचा खोकला गेला. लग्नसराईच्या तारखा मेपर्यंत लागल्यात. ऑक्टोपॅडचा एक पॅड दगा देत होता, तोही दुरुस्त करून आणला. फोन सोडून पत्र लिहायचं कारण म्हणजे परवाचा आपला फोनच. मी तीनदा म्हणालो, 'सिनेमाला गेलो होतो', आणि बाबा, तुम्ही तीनदा म्हणालात, 'हां, हां, गहू निघाला आपला.' चौथ्यांदा मी ओरडलो. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "बापावर असं खेकसतात का?" त्या रात्री मला झोप आली नाही. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून हे.

सिनेमाचं नाव 'ड्यून : पार्ट टू'. आहे इंग्रजी, पण हिंदीत करूनही लागलाय. पहिला भाग २०२१ साली आला होता. तो मी मोबाइलवर, ऑर्केस्ट्राच्या गाडीत, एकाच कानात इअरफोन घालून बघितला आणि धरणगाव यायच्या आत झोपलो. मूळ कादंबरी फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची, १९६५ ची. म्हणजे तुम्ही तेव्हा चौथीत वगैरे असाल. गोष्ट अशी की अराकिस नावाचा एक ग्रह आहे, सगळा वाळूचा. त्या वाळूत एक मसाला सापडतो. त्याच्याशिवाय या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जाणारी जहाजं चालत नाहीत, म्हणून मोठमोठी घराणी त्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली. पॉल नावाच्या पोराचं घराणं त्यात बुडतं, आणि तो आईसोबत वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांकडे आसऱ्याला जातो. पुढचं राजकारण सांगत बसत नाही. आपल्या भाऊबंदकीहून त्यात फार वेगळं काही नाही, बांधाऐवजी ग्रह आहे एवढंच.

मला सांगायचंय ते गांडुळाबद्दल. हसू नका. या वाळूखाली गांडुळं राहतात. आपली सुरत पॅसेंजर डब्यांसकट गिळतील एवढी मोठी. त्यांना कळतो फक्त जमिनीतला ठोका. वाळूवर कुणी तालात चाललं की ते तिकडं वळतात आणि माणूस, यंत्र, जे असेल ते पोटात. म्हणून फ्रेमेन लोक बेताल चालतात. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, थांबायचं, मग दोन झटपट, मग पाय गोल घसटत न्यायचा. वाऱ्यानं वाळू आपली आपण सरकावी तसं. पॉलला ते नीट जमत नाही, तर चानी नावाची पोरगी त्याला हसते आणि शिकवते.

थिएटरात माझ्या अंगावर काटा आला. आख्खं आयुष्य तुम्ही माझ्या पायाकडे बघत आलात. वहीगायनाच्या फडात मी सहा-सात वर्षांचा असताना टाळ धरून उभा राहायचो आणि तुम्ही डफ वाजवता वाजवताच माझ्यावर डोळे वटारायचे, "भाऊ, तुना पाय कथा पडी ऱ्हायना?" हात चुकला तर चालेल, पाय चुकायचा नाही, हा तुमचा कायदा. आणि इथं एक आख्खी जमात पोरांना उलटं शिकवतेय. तालात आलास तर मेलास.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बांभोरीच्या पुलाखाली गिरणेच्या पात्रात गेलो. वाळू उपसून उपसून खड्डे झालेत, तरी चालायला जागा आहे. म्हटलं, आपण बेताल चालून बघू. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत चाललो. बाबा, जमत नाही! दहा-बारा पावलं बरी जातात, मग शरीर गुपचूप हिशोब लावतं. नंतर ऐकलं तर काय, तीन-दोन-दोन, तीन-दोन-दोन, चक्क सात मात्रांचा रूपक ताल झालेला. पुन्हा चाललो, यावेळी मुद्दाम मोडत मोडत, तर त्या मोडण्याचीच एक तिहाई बसली, तोच तुकडा तीनदा. एक शेळ्यावाला बराच वेळ उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "पायले काय व्हयनं भाऊ?" त्याला काय सांगणार?

स्टुडिओत आम्ही क्लिकवर वाजवतो, तुम्हाला माहीत आहे. कानात टिक-टिक-टिक, केसाइतकंही हलायचं नाही. गेली पंधरा वर्षं मला वाटत होतं की लय ही शिकून, घासून, पैसे भरून मिळवलेली गोष्ट आहे. गिरणेत कळलं की ती जात नाही म्हटल्यावर जात नाही. आई जात्यावर बसायची तेव्हा तिला कुणी मात्रा मोजून दिल्या होत्या? बहिणाबाई तर शेजारच्या असोद्याच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. हातातल्या कामाचा ठेका होताच, त्यात शब्द बसत गेले.

सिनेमात उलटंही आहे. गांडुळाला बोलवायचं असेल तर एक सोटा वाळूत रोवतात, थंपर म्हणतात त्याला. त्यात एक वजन वर जातं नि खाली आदळतं, धब्, धब्, धब्. आईचं मुसळ उखळात पडतं तसंच, आणि तितकंच न थकता. पॉल पहिल्यांदा गांडुळावर स्वार होतो तेव्हा आधी हाच सोटा लावतो. बाकी सगळे लांब टेकडीवर. मग काही नाही. नुसता ठोका. मग खुर्चीच्या पाठीतून काहीतरी वर यायला लागलं. ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. आधी बरगड्यांना कळलं, मग हातातला पॉपकॉर्नचा डबा थरथरला, आणि कानाला आवाज आला तो सगळ्यात शेवटी. काठी गावच्या होळीला अक्कलकुव्याकडे तुम्ही मला घेऊन गेला होतात, आठवतं? ते पावरा आदिवासींचे मोठाले ढोल. मी तुमच्या खांद्यावर होतो आणि तुमच्या खांद्यातून मला ढोल ऐकू येत होता. तंतोतंत तेच.

आणि त्या क्षणी, बाबा, मला तुमचे कान आठवले.

कानाच्या डॉक्टरांनी तुमचा तो आलेख दाखवला होता, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली रेघ. मी तेव्हा मान डोलावली, पण घरी येऊन नीट वाचलं. वयानुसार कान जातात ते वरच्या बाजूनं. टिपेचे, बारीक आवाज पहिल्यांदा जातात, खर्जातले मागं राहतात. आता बोलण्यातला अर्थ बराचसा बारीक आवाजांत असतो: स, श, फ, थ, च. 'आ' आणि 'ओ' पोचतात, त्यांच्या कडा पोचत नाहीत. म्हणून तुम्ही म्हणता ना, 'ऐकू येतं रे, पण समजत नाही', ते अगदी बरोबर आहे. आणि मी फोनवर ओरडलो तेव्हा मोठं काय केलं? तेच 'आ' आणि 'ओ'. ते तर तुम्हाला आधीच येत होते.

पण माणसाचा कान चांगला असला तरी सेकंदाला वीसच्या खालची कंपनं त्याला आवाज म्हणून ऐकू येत नाहीतच, ती अंगालाच कळतात. त्या आसपासचा खर्ज या सिनेमात भरभरून आहे. म्हणजे निदान तेवढ्यापुरतं तुमच्यात आणि त्या थिएटरातल्या बाकी दोनशे लोकांत काही फरक नाही. गांडुळालाही कान नसावेत. मला तरी दिसले नाहीत.

एक जागा तर फारच भारी आहे. शत्रूच्या ग्रहावर सूर्यच काळा, असं दाखवलंय. तिथला मैदानातला झुंजीचा सगळा भाग काळा-पांढरा आहे, पण जुन्या पिक्चरसारखा नाही. कॅमेरामन ग्रेग फ्रेझर यांनी तो भाग इन्फ्रारेडमध्ये घेतलाय, म्हणजे जो उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही त्यात. माणसांची कातडी मेणाची वाटते, आणि आतषबाजी होते ती दिव्याची नाही, पाण्यात शाई सांडावी तशी. डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात चित्र काढायचं आणि कानाला न येणाऱ्या आवाजात गाणं करायचं, हे दोन्ही एकाच सिनेमात. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांच्या त्या डोक्याला माझा नमस्कार.

संगीत हान्स झिमर यांचं. पहिल्या भागाला त्यांना ऑस्कर मिळालं होतं. त्यात आर्मेनियातलं दुदुक नावाचं वाद्य आहे, जर्दाळूच्या लाकडाचं. आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्ती, पण सनई जशी मांडवभर मिरवते तसं नाही, घोंगडी पांघरून बोलल्यासारखा आवाज. आणि एका बाईचा गळा आहे, लॉअर कॉटलर यांचा. त्यांनी दक्षिणेकडचं कोन्नक्कोल, म्हणजे मृदंगाचे बोल तोंडानं म्हणायची विद्या, तीही शिकून घेतलीय. ते कळल्यावर मला उगाच आपल्या घरचं कुणीतरी दिसल्यासारखं झालं.

पण सगळंच गोड सांगत नाही. संगीत कुठं थांबायचं ते त्यांना कळत नाही. शेवटच्या तासाभरात ते इतकं वाजत राहतं की मला आपल्याकडच्या वरातीतला डीजे आठवला, पुढचा माणूस नाचतोय का मेलाय ते न बघता चालू. प्रेमाची एक धून आहे, पहिल्यांदा आली तेव्हा डोळ्यांत पाणी, चौथ्यांदा आली तेव्हा मी घड्याळ बघितलं. लढाईही घाईत उरकलीय. पावणेतीन तासांचा सिनेमा, त्यात ठोका ऐकू यावा म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागा मोजून तीन-चार. तुम्ही म्हणायचे ना, डफावर थाप मारायला हात लागतो, न मारायला वय लागतं. झिमर साठीच्या पुढचे आहेत, तरी.

आई, तुझ्यासाठीही त्यात एक गोष्ट आहे. त्या लोकांकडे पाणी इतकं कमी की घाम, श्वास, सगळं अंगातल्या कपड्यात गाळून परत पितात. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणी काढून ते एका मोठ्या टाक्यात ओततात आणि कितीही तहान लागली तरी त्या टाक्याला हात लावत नाहीत. पुढं कधीतरी हा ग्रह हिरवा करायचाय म्हणून. थिएटरात मागचं पोरगं 'छी' म्हणालं. मला तू दिसलीस, टँकरच्या रांगेत, हंडा भरल्यावर तळहातावरचं ओलं पदराला न पुसता चेहऱ्याला लावणारी.

तर आता मुद्द्याचं. येत्या शनिवारी दोघं सकाळच्या पॅसेंजरनं या. मी स्टेशनवर असतो. दुपारचा खेळ घेतो, तेव्हा गर्दी नसते. बाबांना मधल्या रांगेत कडेची खुर्ची, जिथं खालचा आवाज चांगला चढतो. मी दोन खुर्च्यांवर बसून बघितलंय. हिंदी संवाद तुम्हाला कळले नाहीत तर नाही कळले, मलाही निम्मे डोक्यावरून गेले. कानाचं मशीन तुम्ही डब्यात ठेवलंय हे मला माहीत आहे, आई बोलली. ते सोबत आणा, पण त्या दिवशी नाही घातलं तरी चालेल. शिट्टी मारतं ते म्हणता, तर सोमवारी दवाखान्यात नेऊन ते नीट बसवून घेऊ. मी यावेळी घाई करणार नाही.

आई, येताना कळण्याचं पीठ आण. इथलं मिळतं त्यात ती चव नाही. आणि माळ्यावरचा डफही घेऊन या. होळी चोवीसला आहे, चिऊला शेकोटीवर कातडं शेकून कसं चढवतात ते बघायचंय. तिला मी सांगितलंय की आजोबा कातडं कानाला लावून नाही, गालाला लावून तपासतात. तिला ते खोटं वाटतंय.

तुमचा,
भाऊ

ता. क. आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. त्यांचं ते वाचतील.