कोकरांच्या खुराकाचा तक्ता छापताना वय आणि माप का गाळलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पिकांच्या अवशेषांवर कोकरं वाढवण्याबद्दलचा कालचा लेख वाचला. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून रात्र जाऊ दिली. सकाळी पुन्हा वाचला आणि राग वाढलाच.

अवशेष जाळू नका, जनावरांच्या पोटात जाऊ द्या, हे लेखाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट आणि डाळीची चुनी यांवरच मी कोकरं वाढवत आलोय. माझं भांडण आहे ते तुमच्या तक्त्याशी. एका रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात प्रथिनांचे टक्के, संपलं. कोणत्या वयाच्या कोकराला, किती आणि कशाच्या जोडीनं, याचं एक अक्षर नाही. आणि गव्हाचा कोंडा त्यात पहिल्या ओळींत, 'उत्तम' असा शेरा मारून.

असाच तक्ता मला एका प्रशिक्षण वर्गात मिळाला होता. खुराकात निम्म्याहून जास्त कोंडाच ठेवा, स्वस्तात कोकरं भरतील, असं तिथल्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितलं. नर कोकरांना चालेल का, हे मी मुद्दाम उठून विचारलं होतं. "कोंडाच तर आहे, त्यानं काय होतंय?" एवढंच उत्तर मिळालं.

सुरुवातीला कोकरं भरलीही. मग एका सकाळी त्यांतलं सगळ्यात उमदं नर कोकरू कळप सोडून बाजूला उभं दिसलं. मागचे पाय फाकवलेले, पाठ वाकलेली, शेपटी सारखी हलतेय, कुंथतंय आणि खाली फक्त थेंब थेंब. धरून उताणं केलं तर मुताच्या जागेवरच्या केसांना बारीक खडे चिकटलेले, बोटांत चोळले की वाळूसारखे करकरणारे. डॉक्टर धावत आले. नराच्या इंद्रियाच्या टोकाला दोऱ्यासारखा एक बारीक भाग असतो, खडा नेमका तिथं अडकला होता. तो भाग कापला आणि लघवी सुटली. ते कोकरू वाचलं. त्याच्या मागोमाग दुसरं आजारी पडलं, त्याला मात्र उपचार मिळेपर्यंत मूत्राशय फुटलं होतं. पोट खाली लोंबून आलं आणि ते गेलं.

कारण डॉक्टरांनी गोठ्यातच समजावून सांगितलं. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळजवळ आठ-दहा पट फॉस्फरस असतो. वाढत्या कोकराला पाहिजे ते नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. जादाचा फॉस्फरस लघवीत उतरतो आणि खडे धरतात. मादीची वाट आखूड आणि रुंद, तिचे खडे निघून जातात. नराची लांब, अरुंद आणि वळणाची. लहानपणी खच्ची केलेल्या कोकराची तर आणखीच अरुंद राहते. यावरचा उपाय काही परदेशातून आणायचा नव्हता. द्विदल पिकांच्या पाल्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोंडा कमी करायचा, पाला वाढवायचा, खुराकात मापानं चुनखडीची पूड आणि मीठ घालायचं, पाणी दिवसभर समोर ठेवायचं. तुमच्या तक्त्यात कोंडा आणि पाला शेजारी शेजारी आहेत. एकानं होणारा त्रास दुसऱ्यानं आवरतो, हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

त्या प्रशिक्षण वर्गाला मी हे सगळं कळवलं, तेव्हा "पाणी कमी पाजलं असेल तुम्ही" असं ऐकून घ्यावं लागलं. तक्ता बदलल्याचं काही कानावर आलं नाही, आणि काल त्याच धाटणीचा तक्ता तुमच्या पानावर पाहिला.

'खर्च निम्मा' या मथळ्याबद्दलही बोललं पाहिजे. वाढत्या कोकराच्या आहारात साधारण १४ ते १६ टक्के प्रथिनं लागतात. गव्हाच्या काडात ती ३-४ टक्के. आहाराचा निम्मा भाग काड ठेवलं, तर उरलेल्या निम्म्यात २६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं भरावी लागतील. म्हणजे पेंडीचं प्रमाण वाढवणं आलं. मग खर्च निम्मा होणार कसा? काडावर युरियाची प्रक्रिया करा, हा सल्लाही दोन ओळींत उरकलाय. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवायचं, ही रीत मोठ्या मेंढ्यांसाठी उत्तम आहे. पण दूध पिणाऱ्या किंवा नुकत्या तोडलेल्या कोकराचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा, पुरतं तयार झालेलं नसतं, त्याच्यापुढे हे काड टाकायचं नसतं. सरकी पेंडीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याचंही तेच, लहान कोकराला ते बाधतं. लेख कोकरांचा आणि नेमकी कोकराच्या वयाचीच गोष्ट त्यात नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आणखी एक. लेखावर कोकरांचा म्हणून जो फोटो छापलाय, तो शेळीच्या करडांचा आहे. ही बारीकसारीक चूक म्हणून सोडून देऊ नका. लेखात खाली 'कोणतेही खनिज मिश्रण' द्या असं म्हटलंय, आणि शेळी व मेंढी एकच समजलं की असाच घोळ होतो. गाई-म्हशींच्या मिश्रणातलं तांबं शेळीला बरंच सोसतं, मेंढीला नाही. ते तिच्या यकृतात गुपचूप साठत जातं. मग अचानक कावीळ, काळपट लाल लघवी, आणि बहुतेक वेळा डॉक्टर पोचेपर्यंत जनावर गेलेलं असतं. मेंढ्यांना मेंढ्यांसाठीचंच मिश्रण द्यायचं.

लेख अर्ध्या पानाचा होता. दुरुस्ती कोपऱ्यात चार ओळींत नको. त्याच पानावर, वय आणि मापासह नवा तक्ता छापावा, आणि तो छापण्यापूर्वी एखाद्या पशुवैद्यकाच्या नजरेखालून घालावा, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
एक मेंढीपालक