गुळवेलीचा काढा आधी बंद कर

एर्लांगेन (जर्मनी), रविवार

ताई, नमस्कार.

परवा फोनवर तू रडत होतीस, मला धड काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहितोय, दाजींनाही वाचायला दे. पहिलं म्हणजे तो गुळवेलीचा काढा बंद. शेजारच्या काकू म्हणतात इम्युनिटी वाढव, पण पिंकीची इम्युनिटी कमी नाहीये गं, ती नको तिथे खवळलीये, ल्युपस म्हणजे तेच.

एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. पिंकीच्या बी सेल्स, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिच्या स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटीबॉडी बनवतायत, त्यांचे गठ्ठे या गाळण्यांत अडकतात, मग ते साफ करायला न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू खाणाऱ्या पेशी धावत येतात आणि त्यांच्याकडचं जंतू मारायचं जहाल सामान तिथेच ओततात, मागून टी सेल्स (त्याही पांढऱ्या पेशीच) त्यांना अजून चिथावतात. जंतू नाहीतच तिथे, मार खाते ती गाळणी. ती फाटली की प्रोटीन लघवीतून जातं, म्हणून फेस, म्हणून पाय सुजले. बायोप्सीत ‘क्लास फोर’ लिहिलंय ते कॅन्सरच्या स्टेजसारखं नाही हां! अर्ध्या किंवा जास्त गाळण्यांना सूज आहे, एवढाच त्याचा अर्थ. गंभीर आहे, पण औषध आहे.

स्टेरॉइडने तोंड गोल होईल, ती चिडेल, पण मनाने गोळी बंद करायची नाही. मायकोफेनोलेट या खवळलेल्या बी-टी सेल्सची वाढ रोखतं, त्याला वेळ लागतो, महिने लागतात. आणि ती मलेरियाची म्हणतात ती गोळी, ती पण त्यातलीच, चुकून दिलेली नाही.

इथल्याच युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात २०२१ मध्ये २० वर्षांच्या एका मुलीवर उपचार झाले, तिच्याही किडनीत ल्युपस, तिच्याच टी सेल्स बाहेर काढून लॅबमध्ये बदलून परत सोडल्या, त्यांनी बी सेल्सच संपवल्या आणि आजार शांत झाला. आपल्याकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटावाल्यांच्या अशाच ट्रीटमेंटला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण ती ब्लड कॅन्सरसाठी. पिंकीसाठी आत्ता लगेच हे शोधत बसू नकोस, साध्या औषधांनी नाही जमलं तर पुढचा विचार.

लघवीचा नवीन रिपोर्ट आला की फोटो टाक, आणि काढ्याचं काकूंना मी सांगितलं म्हणून सांग, माझ्यावर रागावू देत.

तुझा,
बाळ्या