खेळ संपल्यानंतरचा अर्धा तास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. या सत्रात वर्गात खेळ घ्यायचं ठरवलंयस, हे वाचून फार बरं वाटलं. एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: निम्मा वेळ खेळानंतरच्या बोलण्यासाठी राखून ठेव. मुलं रंगात आलेली असतात, घंटा होते आणि नेमकी चर्चाच राहून जाते.

सुरुवात 'बिअर गेम'ने कर. 1960च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेला हा खेळ. शाळेत बिअरऐवजी वह्यांच्या पेट्या म्हटलं तरी काही बिघडत नाही. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चौघे ओळीने बसतात. बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी उशिरा पोचते, मालही उशिरा येतो. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 पेट्या. पाचव्या आठवड्यात ती 8 होते आणि शेवटपर्यंत 8च राहते. बदल एवढाच. पण माल संपला की दुकानदार घाबरून जास्त मागवतो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत आकडा फुगत जातो. मग मागवलेलं सगळं एकदम येऊन पडतं आणि नवी मागणी जवळजवळ थांबते.

लगेच उलगडा करू नकोस. कारखाना चालवणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढायला सांग. ते हमखास डोंगरदऱ्या काढतात. मग फळ्यावर खरी रेघ काढ: 4वरून 8वर एक पायरी, पुढे सपाट. तोवर एकमेकांना आणि गिऱ्हाइकाला बोल लावणारी मुलं विचारू लागतात, मग एवढा गोंधळ झाला कसा? शिकवण्याची वेळ ती.

खेळ एकटा सोडला तर तो काय शिकवेल, याचा भरवसा नाही. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगीने 1904 साली 'लँडलॉर्ड्स गेम' या पटावरच्या खेळाचं पेटंट घेतलं. मूठभरांच्या हाती जमीन गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना दिसावं, ही तिची तळमळ. त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' आला आणि समोरच्याचं दिवाळं काढण्यातच सगळे रमले! मला याचं खरोखर वाईट वाटतं.

सिम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगांसाठी, कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' हे संकेतस्थळ बघ, मोफत आहे. मात्र विद्युत परिपथ जोडायला देण्याआधी विचार: एकसर जोडणीत दुसरा बल्ब लावला तर पहिल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? उत्तर कारणासह वहीत लिहून झालं की मगच माउसला हात. नाहीतर मुलं नुसती बटणं दाबत बसतात.

आणि जिंकणाऱ्याला गुण देऊ नकोस. गुण म्हटले की मुलं जपून खेळतात. आपल्याला तर त्यांनी बेधडक चुकायला हवं आहे. खऱ्या बाजारात व्यापारी एकमेकांना फोन करतात, मग 'बिअर गेम'मध्ये बोलायचं का नाही, असं कुणी विचारलं तर तो नियम बदलून खेळ पुन्हा घे.

वर्गात मुलं किती आहेत ते कळव. जास्त असतील तर एका भूमिकेला दोघं बसव. ती आपसात कुजबुजतात, तेव्हा त्यांचा विचार तुला ऐकू येईल. चिठ्ठ्यांचा नमुना पुढच्या पत्रासोबत धाडतो.

तुझाच,
जुना मित्र