आमदाराची कारकीर्द कशी मोजायची?

महोदय,

एकनाथ खडसे १९९० पासून सलग सहा वेळा विधानसभेवर गेले, २००९ नंतर विरोधी पक्षनेते झाले, २०१६ मध्ये त्यांनी महसूलमंत्रिपद सोडले, २०२० मध्ये पक्ष बदलला. खान्देशात चर्चा एवढ्यावरच थांबते. आमदार कुणीही असो, अमळनेर तालुक्यात तापी नदीवर रखडलेल्या पाडळसरे धरणावर (निम्न तापी प्रकल्प) त्याने सभागृहात काय मांडले, हे आधी पाहावे. निधी तुकड्यांनी मिळतो, तोवर दर वाढतात, वाढलेल्या खर्चाला सरकारची नव्याने मंजुरी (सुधारित प्रशासकीय मान्यता) लागते, काम रखडते. तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, 'कार्यवाही सुरू आहे' एवढेच उत्तर आले, तर उपप्रश्न विचारून मंत्र्याकडून मुदत वदवून घ्यावी लागते; मग ती पाळली नाही, तर सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे दाद मागता येते. अमळनेरच्या शेतकऱ्याला हे हवे आहे.

– एक वाचक, अमळनेर