दूतावासातल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार

परक्या राजधानीत भाऊ अचानक गेला, तेव्हा आम्हाला ना तिथली भाषा येत होती, ना तिथले नियम ठाऊक होते. दूतावासाच्या कॉन्सुलर विभागातल्या ज्या मंडळींनी आम्हाला सांभाळून घेतलं, त्यांची नावं विचारायचं भानही राहिलं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, पार्थिव नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र... एक कागद अडला की सगळंच अडतं. रुग्णालयाच्या दाखल्यावरच्या आणि पासपोर्टवरच्या नावात एका अक्षराचा फरक होता. काउंटरवरच्या ताईंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि दुरुस्तीसाठी स्वतःच रुग्णालयात फोन लावला. हा फरक विमानतळावर लक्षात आला असता तर? विचारही करवत नाही.

परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करणं हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराने कॉन्सुलर काम ठरवलंय, हे खरं. पण रात्री उशिरा फोन उचलून “आधी काही खाल्लंत का?” असं विचारा, हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी केवळ सही-शिक्क्यासाठी आलेले साहेब, दुभाषाचं काम करणारे दादा, गेटवर आईला बसायला खुर्ची देणारे रक्षक, तुमचे उपकार आमचं घर विसरणार नाही.